शब्दचर्चा: 1962 च्या क्यूबा पेचातल्या ‘क्वारंटाइन’ला मराठीत काय म्हणावे?

मसुदा:
सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रे ठेवल्यावरून अमेरिकेशी पडलेल्या ऑक्टोबर 1962 मधल्या पेचावरचा मजकूर मराठीत आणताना सुरुवातीलाच गाडी अडते. 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकी अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून जी कारवाई जाहीर केली तिला त्यांनी ‘क्वारंटाइन’ म्हटले, ‘ब्लॉकेड’ म्हणायचे कटाक्षाने टाळले. मराठीत दोन्हींसाठी ‘नाकेबंदी’च छापलेले दिसते. ‘विलगीकरण’ लिहावे तर वाचकाला करोना आठवणार. काय वापरावे? त्याच भाषणातली ‘ऑफेन्सिव्ह’ शस्त्रे आणि शेवटी जे ठरले ते (तह? करार? समझोता?) याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

विधिज्ञ:
हा भेद तुम्ही अनुवादात पुसू नका, कारण सगळा प्रसंग त्यावर तोललेला होता. आंतरराष्ट्रीय कायद्यात ब्लॉकेड ही युद्धकृती आहे. शत्रूच्या बंदराकडे येणारे आणि तिथून निघणारे प्रत्येक जहाज, कोणत्याही देशाचे आणि कोणत्याही मालाचे असो, अडवायचे, असा तिचा अर्थ. अमेरिकेने ती जाहीर केली असती तर युद्धच पुकारल्यासारखे झाले असते. परराष्ट्र खात्यातले उप-विधी सल्लागार लेनर्ड मीकर यांनी म्हणून ‘बचावात्मक क्वारंटाइन’ हा शब्द सुचवला. रोगाची साथ असलेले जहाज बंदराबाहेर थांबवायचे, बाकीच्यांना जाऊ द्यायचे, ही त्यामागची कल्पना.

नुसता शब्द बदलून भागणार नव्हते, त्याला आधार हवा होता. तो 23 ऑक्टोबरला मिळाला. अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेने रिओ कराराच्या (त्या राष्ट्रांच्या परस्पर संरक्षणाच्या कराराच्या) 6 आणि 8 या कलमांखाली ठराव केला. त्याच संध्याकाळी केनेडींनी सही केलेल्या घोषणापत्राच्या मथळ्यात तिसराच शब्द आहे, ‘इंटरडिक्शन’, म्हणजे वाटेत अडवून मनाई करणे. अंमल 24 ऑक्टोबरला ग्रीनिच वेळेनुसार 14 वाजता सुरू झाला. घोषणापत्रात काय अडवायचे त्याची यादी आहे: जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी क्षेपणास्त्रे, बाँबफेकी आणि लढाऊ-बाँबफेकी विमाने, बाँब, विमानातून सोडायची अग्निबाणे व क्षेपणास्त्रे, यांची वॉरहेड्स (स्फोटक टोके) आणि ती चालवायला लागणारी यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक सामग्री. धान्य, औषधे, खनिज तेल त्यात नाही. बाहेर जाणाऱ्या जहाजांना तर हातच लावायचा नव्हता.

मॉस्कोने मात्र सरकारी निवेदनात ‘ब्लकादा’ (ब्लॉकेड) हा शब्द धरला. रशियन वाचकाला तो शब्द ऐकला की 1941 ते 1944 चा लेनिनग्राडचा वेढा आठवतो. तुमच्या मजकुरातल्या सोव्हिएत उताऱ्यात तो शब्द असेल तिथे ‘नाकेबंदी’च लिहा आणि अमेरिकी उताऱ्यात दुसरा शब्द योजा. एकाच कारवाईला दोन्ही बाजू वेगवेगळी नावे देत होत्या, हे वाचकाला दिसलेच पाहिजे.

दर्यावर्दी:
समुद्रावर प्रत्यक्ष काय चालले होते ते पाहिले की शब्द सापडेल. क्यूबाच्या पूर्व टोकाच्या केप मायसीपासून 500 सागरी मैलांवर पहिली अडवणरेषा आखली होती. 25 ऑक्टोबरला ‘बुखारेस्ट’ हे सोव्हिएत तेलवाहू जहाज रेषेवर आले. त्याला विचारणा झाली, ते तेल आहे म्हणाले, त्याला सोडले. 26 ला सकाळी ‘मारुकला’ अडवले. निशाण लेबनॉनचे, भाडेकरू सोव्हिएत. ते मुद्दाम निवडले होते: कारवाई खरी आहे हे दाखवायचे, पण सोव्हिएत निशाणाच्या जहाजावर पहिला पाय ठेवायचा नाही. चढलेली तुकडी निःशस्त्र होती. कागदपत्रे पाहिली, माल पाहिला, जहाज पुढे गेले.

हे सगळे आपल्या पोलिसांच्या ‘नाकाबंदी’शी जुळते. रस्त्यात वाहन हटकायचे, कागद बघायचे, डिकी उघडायला लावायची, संशय नसेल तर सोडायचे. ‘नाकेबंदी’ म्हणजे चहूबाजूंनी कोंडणे. म्हणून क्वारंटाइनसाठी ‘सागरी नाकाबंदी’ आणि ब्लॉकेडसाठी ‘नाकेबंदी’.

विधिज्ञ:
दर्यावर्दी, विश्लेषण पटले, पण एका मात्रेवर एवढा भार टाकू नये. छापताना ‘नाकाबंदी’चे ‘नाकेबंदी’ कधी होईल सांगता येत नाही, आणि बोलण्यात लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. मी ‘सागरी शस्त्रबंदी’ सुचवेन. कशावर बंदी आहे ते त्यात सांगितले जाते. पहिल्या वापराला ‘क्वारंटाइन’ अवतरणात द्यावे, पुढे सर्वत्र शस्त्रबंदी.

दर्यावर्दी:
‘शस्त्रबंदी’चे ‘शस्त्रसंधी’ होईल ही भीती आहेच की! शस्त्रसंधी म्हणजे लढाई थांबवणे, आणि याच विषयात तो शब्दही येऊ शकतो. मग ‘शस्त्रवाहतूक-बंदी’ म्हणा. लांब आहे, पण गोंधळ नाही. कृतीसाठी ‘हटकणे’ आणि ‘झडती’ ठेवा. ‘अडवणूक’ नको, त्याला पैसे उकळण्याचा वास आहे.

आणखी एक. 27 ऑक्टोबरला अमेरिकी विनाशिकांनी सोव्हिएत पाणबुडी ‘बी-59’ला पृष्ठभागावर आणण्यासाठी जे टाकले ते सरावाचे, कमी ताकदीचे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे स्फोटक) होते. त्यांना ‘जलसुरुंग’ लिहू नका. सुरुंग पेरून ठेवतात, हे वरून टाकतात. ‘पृष्ठभागावर या’ असा तो इशारा होता. इशाऱ्याची पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती, पण ती पाणबुडीपर्यंत पोहोचली नाही. आत असह्य उकाडा, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि एक टॉर्पेडो अण्वस्त्राचा. वरून येणारे आवाज इशारा आहेत की हल्ला, हे आतल्यांना कळायला मार्ग नव्हता. पाणबुडीवरचे अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांचा टॉर्पेडो सोडायला विरोध होता, शेवटी पाणबुडी वर आली. या परिच्छेदात ‘इशारा’ आणि ‘हल्ला’ हे दोन शब्द फार जपून टाका.

बखरवाचक:
जुन्या मराठीत याच कामाचे शब्द आहेत. पोर्तुगीज अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत, तो नसलेले जहाज पकडत. मराठ्यांच्या आरमाराचा तसाच परवाना म्हणजे ‘दस्तक’. कान्होजी आंग्र्यांचे इंग्रजांशी भांडण बरेचसे दस्तकावरूनच. 1962 मध्ये अमेरिकेने ‘क्लियरसर्ट’ नावाची सोय केली: निघण्याच्या बंदरातच माल दाखवून दाखला घ्यावा, म्हणजे वाटेत खोळंबा नाही. त्याला ‘दस्तक’ चपखल बसते. फरक एवढाच की दस्तकाला पैसे पडत आणि ते सक्तीचे असे, हा दाखला ऐच्छिक होता. एका वाक्यात तो फरक सांगून शब्द खुशाल वापरावा.

सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या केनेडींना लिहिलेल्या 26 ऑक्टोबरच्या पत्रातला दोराचा दाखला तुमच्या मजकुरात असणारच. युद्धाची गाठ मारलेल्या दोराची टोके दोघांनी ओढली तर गाठ आवळत जाईल आणि मग ती बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, असा त्याचा आशय. तिथे ‘निरगाठ’ लिहा. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की बसते.

‘क्रायसिस’ला संकट नको, पेचच बरा. संकट बाहेरून कोसळते, पेच दोघांत पडतो. नावेही तीन आहेत: अमेरिकेत क्यूबाचा क्षेपणास्त्र पेच, रशियनमध्ये कॅरिबियन पेच, आणि खुद्द क्यूबात ऑक्टोबर पेच. रशियन नावात क्षेपणास्त्र नाही हे लक्षात घ्या.

मसुदा:
दस्तक आणि निरगाठ लगेच घेतले. ‘शस्त्रवाहतूक-बंदी’ही घेतो. आता ‘ऑफेन्सिव्ह’ राहिले. एका मसुद्यात ‘आक्षेपार्ह शस्त्रे’ असे आले आहे.

विधिज्ञ:
ते आधी काढा, तिथे अर्थच उलटतो. आक्षेपार्ह म्हणजे हरकत घेण्याजोगे. इथे अर्थ ‘चढाईची’ शस्त्रे असा आहे. सोव्हिएत म्हणणे होते की क्यूबाच्या बचावासाठी ठेवलेले शस्त्र हेतूने बचावाचेच. अमेरिकेचे म्हणणे, हेतू काहीही असो, सुमारे 2,000 किलोमीटर पल्ल्याचे ‘आर-12’ क्षेपणास्त्र वॉशिंग्टनपर्यंत पोहोचते, म्हणून ते चढाईचे. एकाने हेतूवरून नाव दिले, दुसऱ्याने पल्ल्यावरून. ‘चढाईची’ आणि ‘बचावाची’ ही जोडी हा वाद नीट दाखवते.

शेवटी जे ठरले त्याला तह म्हणू नका. तहाला कलमे लागतात, सह्या लागतात. इथे पत्रांची देवाणघेवाण झाली. 28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांचे उत्तर मॉस्को रेडिओवरून वाचले गेले: क्षेपणास्त्रे सुटी करून परत नेऊ. बदल्यात क्यूबावर स्वारी न करण्याचे केनेडींचे आश्वासन होते, पण संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीच्या अटीवर. सरचिटणीस ऊ थांट स्वतः हवानाला गेले, तरी क्यूबाचे नेते कास्त्रो यांनी जमिनीवरची तपासणी नाकारली. अट अपुरी राहिल्यामुळे आश्वासनाला करारनाम्याचे रूप आलेच नाही. मग तपासणी समुद्रावर झाली: परतणाऱ्या जहाजांनी डेकवरची ताडपत्री बाजूला सारून क्षेपणास्त्रे दाखवली आणि अमेरिकी विमानांनी व जहाजांनी ती मोजली. इल्युशिन-28 बाँबफेकी विमाने न्यायचेही कबूल झाल्यावर 20 नोव्हेंबरला बंदी उठली. याला ‘समेट’ म्हणावे.

तुर्कस्तानातल्या 15 अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रांचा भाग वेगळा. 27 ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना तोंडी सांगितले की ती काही महिन्यांत निघतील, पण हे जाहीर व्हायचे नाही. पुढे ख्रुश्चेव्ह यांनी ते लेखी घेण्यासाठी पत्र पाठवले, तर ते परत करण्यात आले. एप्रिल 1963 पर्यंत क्षेपणास्त्रे निघालीही. याला ‘गुप्त करार’ लिहिणे चूक, ‘सौदा’ म्हणणे एका बाजूचे. ‘गुप्त समजूत’ लिहा.

बखरवाचक:
स्वारी न करण्याच्या आश्वासनाला ‘कौल’ चालेल का? अभयाचा कौल, जुन्या कागदांतला.

विधिज्ञ:
नको. कौल लेखी असे आणि त्यावर शिक्का असे. इथे नेमके तेच नव्हते. ‘अभयवचन’ घ्या, त्यात वचन आहे आणि कागद नाही.

तारयंत्र:
दोन किरकोळ पण हमखास होणाऱ्या चुका. ‘डेफकॉन’चे, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या सज्जतेचे, आकडे उलटे चालतात: 5 म्हणजे शांतता, 1 म्हणजे युद्ध. 24 ऑक्टोबरला अमेरिकेचे सामरिक हवाई दल 2 वर गेले, बाकीचे सैन्य 3 वर होते. तिथे ‘पातळी घसरली’ लिहिले तर वाचक उलट समजतो. ‘सज्जता वाढवून 2 वर नेली’ असे लिहा.

दुसरी चूक हॉटलाइनची, म्हणजे वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातल्या थेट दुव्याची. ‘लाल दूरध्वनी’ असा काही नव्हता. 26 ऑक्टोबरचे पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून भाषांतर होऊन, सांकेतिक लिपीत जाऊन वॉशिंग्टनला पुरते पोहोचायला सुमारे 12 तास लागले. दोब्रिनिन यांची तार नेण्यासाठी तर तार कंपनीचा सायकलस्वार पोऱ्या यायचा. म्हणून 20 जून 1963 ला जिनिव्हात थेट दुवा ठरला आणि 30 ऑगस्टपासून तो सुरू झाला. तो टेलिप्रिंटरचा होता, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे. प्रत्येकाने आपापल्या भाषेत मजकूर पाठवायचा, भाषांतर घेणाऱ्याने करायचे. बोलणे मुद्दाम टाळले होते: दुभाष्याच्या घाईत एखादा शब्द निसटू नये आणि उत्तर देण्याआधी विचाराला उसंत मिळावी. ‘हॉटलाइन’ शब्द रुळलेला आहे, तो राहू द्या. क्रियापद मात्र ‘फोन केला’ नको, ‘मजकूर पाठवला’ हवे.