इव्होक, प्रोव्होक, अराउज: फरक धातूत शोधायचा की कर्मात?

मसुदेवाला: 'भावना जागवणे' दिसलं की इंग्रजी अनुवादात कुणी इव्होक लिहितं, कुणी इन्व्होक. लॅटिन 'व्होकारे' म्हणजे हाक मारणे, एवढं धरून ठेवा. इव्होक म्हणजे आतलं बाहेर बोलावणं: आठवण, हुरहूर. प्रोव्होक म्हणजे डिवचून पुढे काढणं: राग, निषेध. इन्व्होक भावनेचं नाहीच. देवाचा धावा करा, नाहीतर कायद्याचं कलम लावा.

कर्मणि: मग 'थॉट-प्रोव्होकिंग' ही स्तुती कशी? आणि अराउज (जागवणे), इलिसिट (काढून घेणे) यांच्यात व्होकारे कुठाय? धातू सोडा, कर्म बघा. 'द साँग इव्होक्ड मी' साफ चूक. 'इव्होक्ड मेमरीज इन मी' बरोबर. प्रोव्होकला मात्र माणूस चालतो. अराउजला सस्पिशन, क्युरिऑसिटी द्या, छान बसतं; माणूस दिलात तर अर्थ बहुधा कामवासनेकडे घसरतो. म्हणून भाषणाने विद्यार्थी पेटून उठले तर 'राउज्ड' लिहा, 'अराउज्ड' नको, वर्गात हशा पिकेल. इलिसिटला प्रतिसाद, उत्तर, माहिती जवळची आणि मागे 'फ्रॉम' येतं. (इलिसिटचं स्पेलिंग 'आय'ने सुरू केलंत तर ते 'बेकायदा' होतं, उच्चार तोच.)

मसुदेवाला: अँगर प्रोव्होकही होतो आणि अराउजही. कर्म एकच, आता काय कराल?

कर्मणि: कारण बघेन. एखादा टोमणा, लगेच भडका: प्रोव्होक. नुसतं जागं होणं सांगायचं असेल तर अराउज. यात लॅटिनची गरज पडली नाही.

वकिली चष्मा: दोघंही इन्साइट (incite, चिथावणे) विसरलात. ते भावनेवर थांबत नाही, कृतीकडे ढकलतं: व्हायोलन्स, रायट. डिवचणारा बहुधा स्वतःच रागाचा धनी होतो. चिथावणारा बाजूला राहतो आणि मार तिसरा खातो. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाच्या नानावटी खटल्यात 'गंभीर व अचानक प्रक्षोभ' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये नाकारला, कारण मधे डोकं थंड व्हायला पुरेसा वेळ मिळाला होता. तिथला प्रश्न प्रोव्होकचा. इंटरनेटवरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याबाबतच्या श्रेया सिंघल निकालात (2015) चर्चा, समर्थन आणि चिथावणी वेगळ्या काढल्या, तो इन्साइटचा. अर्जात हे दोन शब्द अदलाबदल केलेत तर आरोपच बदलतो.

मसुदेवाला: इन्साइट मान्य. पण इव्होक-इन्व्होकचा घोळ कर्माच्या यादीने सुटत नाही. 'इन्व्होक मेमरीज' छापील मजकुरातही सर्रास दिसतं. तिथे उपसर्गच (इव्होकमधला 'इ' म्हणजे बाहेर) सांगावा लागतो.

कर्मणि: सांगा की. फक्त तो प्रोव्होकवर लादू नका.