मदत हवी आहे: डिस्चार्जचा (खटला चालण्याआधीच आरोपमुक्तीचा) अर्ज जुन्या कलम २३९ खाली की नव्या २६२ खाली?

फौजदारी बाजू पाहणाऱ्या वकील मंडळींना विचारायचं आहे. माझ्या चुलत बहिणीचं नाव तिच्या वहिनीने केलेल्या ४९८अ च्या (सासरच्या छळाच्या) फिर्यादीत आलंय. बहीण लग्न होऊन वेगळ्या शहरात राहते. दोषारोपपत्रात तिच्याबद्दल एकच ओळ: ‘नणंद फोनवरून भावाला चिथावणी देत असे’. ना तारीख, ना साक्षीदार.

एफआयआर मार्च २०२४ चा, दोषारोपपत्र मात्र १ जुलै २०२४ नंतरचं. त्या दिवशी लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (BNSS) कलम २६२ मध्ये कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे आणि ती उलटून गेलीय. पण तपास आधीपासून चालू होता, म्हणजे नव्या संहितेच्या कलम ५३१ मुळे (आधीपासून चालू कामं जुन्या कायद्यानेच) जुन्या सीआरपीसीचं २३९ च लागू राहील ना? तिथे अशी मुदतच नव्हती. आमचे वकील म्हणतात, ‘बघू, चार्ज फ्रेम होऊ दे.’ मला हे काही पटत नाही; एकदा आरोप निश्चित झाले की डिस्चार्जचा रस्ता बंद.

दुसरं, तिचा भाडेकरार आणि हजेरीपत्रक अर्जाला जोडून उपयोग आहे का? सुप्रीम कोर्टाच्या देबेंद्रनाथ पाधी निकालानुसार या टप्प्यावर आरोपीची कागदपत्रं बघत नाहीत. गोव्याच्या रुक्मिणी नार्वेकर प्रकरणात त्याच कोर्टाने थोडी फट ठेवलीय, पण अगदी अपवादापुरती. कुणी मॅजिस्ट्रेटपुढे ती प्रत्यक्ष वापरलीय का?