शेवट ठरलेलाच असेल तर फासे टाकायचे कशाला?

नारायणपेठी

आमचा ग्रुप सध्या ऑगस्ट १७७३ मधलं पुणं खेळतोय. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाचे, जादू वगळून. पात्रं साधी आहेत: दिल्ली दरवाज्यावरचा पहारेकरी, मुदपाकखान्यातला आचारी, फडातला कारकून. नारायणराव पेशव्यांविरुद्ध काहीतरी शिजतंय याचा आम्हाला सुगावा लागला. गारद्यांचा पगार थकलाय, तेच निमित्त होणार हेही कळलं. म्हणून बुधवारातल्या सावकाराकडून कर्ज उचलून पगार भागवायचा बेत केला. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, म्हणजे सगळ्यात चांगलं दान. जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणाला, पैसे वाटेत लुटले गेले. मग दरवाजे बंद केले, तर गारदी दुसरीकडून आत. पेशव्यांना पर्वतीवर हलवायचं ठरवलं, तर भोई गायब. ३० ऑगस्टला खून झालाच.

माझा आक्षेप खुनाला नाही. जीएम जेव्हा ‘फासा टाक’ म्हणतो, तेव्हा निकाल अजून लागायचाय असं तो आम्हाला सांगत असतो. इथे तो लागलेला होता. हा खेळ १९७४ मध्ये युद्धखेळांतून निघाला. तिथला पंच लढाई कोण जिंकणार हे घरून ठरवून येत नाही. जीएमने माणसं ठरवावीत, त्यांचे हेतू ठरवावेत, वाड्याचा नकाशा काढावा. निकाल टेबलावर लागू द्यावा.

कर्वे_रोडचा_जीएम

अजिबात सहमत नाही. तुमच्या जीएमला मी ओळखत नाही, पण त्याच्या वहीत काय असेल ते सांगू शकतो. खरी गोष्ट खुनानंतर सुरू होते. रामशास्त्र्यांची चौकशी, बारभाईंचं कारस्थान, गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेणं, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म. तुमच्या एका फाशासाठी हे सगळं फेकून द्यायचं?

आणि वेळ कुठून आणायचा? हिंजवडी आणि हडपसरहून माणसं महिन्यातल्या एका रविवारी जमतात. रान मोकळं सोडलं की अर्धं सेशन मंडईत भाव करण्यात जातं आणि कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, हळूहळू बंद पडतं. कथेला कणा लागतो. तमाशातला वग बघा. कथानक ठरलेलं असायचं, संवाद मात्र तिथल्या तिथे रचले जायचे. त्या ठरलेल्या कथेत सोंगाड्याची प्रतिभा गुदमरली का?

नारायणपेठी

वगाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कथा कुठे जाणार हे सोंगाड्याला ठाऊक असायचं, म्हणून तो मधली जागा बिनधास्त वापरायचा. आम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही जीव तोडून पेशव्यांना वाचवत होतो.

ही जुनीच खोड आहे. १९८४ पासून आलेल्या, याच खेळासाठी लिहिलेल्या ड्रॅगनलान्सच्या छापील साहसांमध्ये पुढे लागणारं पात्र मेलंच, तर त्याचं प्रेत सापडू नये अशी सोय होती, म्हणजे त्याला परत आणता येतं. ती साहसं खूप गाजली, मान्य. पण ज्या खलनायकाला मारताच येत नाही, त्याच्याशी लढण्यात माझ्या पात्राने काय पणाला लावायचं?

सदाशिव_डी२०

जीएमला +१. पानिपत जिंकलेलं कॅम्पेन मी खेळलोय. काही सेशननंतर ते पुणं आमच्या ओळखीचं राहिलंच नाही. इतिहास निवडलात तर त्याचं ओझंही घ्या.

पर्वती_पायथा

दोघंही एक फरक विसरताय. कॉल ऑफ कथुल्हू (१९८१) हा असाच पण भयकथांचा खेळ खेळताना गुन्हा बहुतेक वेळा आधीच घडून गेलेला असतो. तो कुणालाच बदलता येत नाही आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही. भूतकाळ पक्का, पुढचं मोकळं.

इथे खून पुढे आहे. तेव्हा तो घटना म्हणून न लिहिता कट म्हणून लिहायचा. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात त्यासाठी घड्याळं आहेत: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय काय होत जाईल त्याच्या पायऱ्या. सुमेरसिंग गारदी फितला, निरोप पोचला, पहारा बदलला, गारदी आत शिरले. खेळाडूंनी पगार भागवला की एक पायरी मोडते. मग जीएमने सुमेरसिंगाच्या जागी बसून विचार करायचा: आता याला काय हवंय? कदाचित जास्त पैसे. कदाचित जिवाची हमी.

शिवाय ‘ध’ चा ‘मा’ ही दंतकथा आहेच. ‘धरावे’ लिहिलेला कागद आनंदीबाईंच्या हाती पडण्याआधी तुमच्या कारकुनाने पळवला तर? नारायणराव जिवंत, पण कैदेत. रामशास्त्री आहेत, नाना फडणीस आहेत, गंगाबाईंना गडावर हलवण्याची घाई तर जास्तच. पुरंदराचा नकाशा वाया जात नाही. वहीतली तारीख तेवढी जाते.

कर्वे_रोडचा_जीएम

वाचायला छान आहे. पण हे तुम्हाला जमतं, कारण तुम्हाला पेशवाई तोंडपाठ आहे. पहिल्यांदाच जीएम झालेल्या मुलाला पुढची पाच दृश्यं लिहून आणल्याशिवाय टेबलावर बसायची हिंमत होत नाही. त्याला घड्याळं दिलीत तर तो परत येणार नाही.

आणि दुसरं. कुठल्याही वाटेने गेलात तरी राक्षस तिथेच उभा, हे खेळाडूला कळलंच नाही तर त्याचं नुकसान काय?

नारायणपेठी

कळतं. थोड्या सेशननंतर कळतंच. मग माणसं बेत आखणं सोडतात, जीएमच्या तोंडाकडे बघत बसतात आणि ‘बरं, आता कुठे जायचं?’ एवढंच विचारतात. आमच्या आचाऱ्याने परवा हेच केलं. एरवी सगळ्यात जास्त डोकं चालवणारा तो.

नव्या मुलाने दृश्यं जरूर लिहून आणावीत. पाचवं दृश्य घडलं नाही तर सोडून द्यावं, इतकंच.

कर्वे_रोडचा_जीएम

आचाऱ्याचं पटलं. माझ्याही टेबलावर अशी माणसं गप्प झालेली मी पाहिली आहेत, आणि मला वाटायचं ती दमली असतील. तरीही हे कॅम्पेन माझं असतं तर मी नारायणरावांना मारलंच असतं. मला बारभाई हवेत. पण पहिल्या दिवशी सांगितलं असतं: पेशवे जाणार, तुम्ही त्याआधी कुणाच्या बाजूने उभे राहता आणि नंतर कुणाला वाचवता, एवढं तुमचं.

नारायणपेठी

असं सांगितलंत तर मी खेळायला येतो. फक्त त्या दुपारी वाड्यात फासा टाकायला लावू नका. सरळ वर्णन करा, आम्ही ऐकू.