कोकणातली पावसाळी परसबाग: जुलै लागला की वेल पिवळे पडतात, फळ धरत नाही

गडग्याआड (प्रश्न)

रत्नागिरी तालुका, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत. घरामागे दोनेक गुंठे मोकळी जागा. वर जेमतेम दीड फूट तांबडी माती, खाली कातळ, उतार थोडासाच आणि पश्चिमेकडे. पिकं: काकडी, पडवळ, दोडका, कारलं, भेंडी, वांगी, मिरची.

मृगात टोकलेलं बी छान उगवतं. जुलैच्या मध्याला वेल मांडवाला पोचतात आणि तिथून पुढे खालून पानं पिवळी पडत जातात. फुलं भरपूर, फळ नाही. काकडी धरलीच तर अंगठ्याएवढी होऊन सडते. वांग्याचं हिरवंगार झाड एका दिवसात मान टाकतं. प्रत्येक आळ्यात घमेलंभर शेणखत घातलेलं आहे, त्यामुळे खत कमी पडत असेल असं वाटत नाही. रासायनिक औषधं वर्ज्य नाहीत, पण कमीत कमी हवीत. गणपतीत घरापुरती भाजी मिळाली तरी पुरे. नक्की कुठे चुकतंय?

आगरवाला

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: "आळ्यात". आळं हे देशावरचं तंत्र, पाणी धरून ठेवायचं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाली कातळ असला की ते आळं म्हणजे मुळांसाठी डबकं होतं. मुळांना हवा मिळत नाही, पांढरी मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ अन्न उचलू शकत नाही. वर तुम्ही घमेलंभर घाला नाहीतर गाडीभर, वेल पिवळाच राहणार.

आधी तपासून बघा. पाऊस थांबल्यावर वाफ्याच्या बाजूला फूटभर खड्डा करा. तासाभरात त्यातलं पाणी उतरलं नाही तर निचरा नाही असं समजा.

उपाय म्हणजे आळ्याच्या उलट. वेलांसाठी दीड फूट उंच, तळाला तीन फूट रुंद असे मातीचे ढीग करायचे आणि बी ढिगाच्या माथ्यावर टोकायचं. भेंडी-मिरचीला गादीवाफे: रुंदी तीन फूट, उंची किमान एक फूट, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाचा चर. चर उताराच्या दिशेने काढा आणि शेवटी गडग्याखालून (दगडी कुंपणाखालून) बाहेर काढून द्या. पुष्कळ जण चर खणतात पण त्याला तोंडच ठेवत नाहीत, मग तो लांबट हौद होतो. तुमच्याकडे माती कमी आहे, त्यामुळे चरातली माती वाफ्यावर ओढा आणि कडेला चिऱ्याचे तुकडे किंवा पोफळीची फाळकी लावा, नाहीतर जुलैतल्या दोन मोठ्या सरींत वाफा चरात येतो. घराच्या पागोळ्या वाफ्यावर पडत असतील तर तिथे पन्हळ हवीच.

वाफा उघडा ठेवू नका. पातेरा, पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, जे असेल ते तीन बोटं जाड पसरा. पावसाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटले की वर पापुद्रा धरतो, आणि उडालेल्या चिखलाबरोबर बुरशी खालच्या पानांवर जाते. खालून पिवळं पडण्याचं हेही एक कारण. काजूचा पाला सहजी कुजत नाही, म्हणून आच्छादनाला उत्तम. खतात मात्र घालू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. मृगात बी टोकलं तर वेल नेमका जुलैच्या झोडीत कोवळा असतो. मे अखेरीस, रोहिणी निघाल्या की पडवीत कागदी पेल्यांत किंवा करवंट्यांत भोक पाडून रोपं करा. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती. चार पानांवर रोप आलं की ढिगावर. वेलवर्गीयांची मुळं दुखवून घेत नाहीत, म्हणून पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट लावायचं. वाण निवडायचे तर आपल्या दापोलीच्या विद्यापीठाचे कोकण तारा कारलं आणि कोकण हरिता दोडका या पावसासाठीच काढलेले आहेत. भेंडीला परभणी क्रांती, कारण ती केवड्याला (पानं पिवळी करणाऱ्या रोगाला) त्यातल्या त्यात कमी बळी पडते.

पागोळी

निचऱ्याचं पटलं. पण फळ न धरणं हा वेगळा विषय आहे, तो चर खणून सुटणार नाही.

आधी फूल ओळखा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसतीच नर फुलं येतात, त्यात बिघडलेलं काही नाही. त्यानंतरही मादी फुलं पिवळी पडून गळत असतील तर परागीभवन होत नाहीये. संततधार पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि भिजलेला पराग फुटून वाया जातो.

हाताने करायचं, पण वेळ पाळून. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा सहा ते नऊ. दोडका, दुधी आणि पडवळ संध्याकाळी उमलतात. सकाळी कॉफी घेऊन पडवळाच्या मांडवाखाली उभं राहण्यात काही अर्थ नाही. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. सकाळच्या फुलांसाठी आणखी एक सोय: उद्या उमलणारी नर कळी आदल्या संध्याकाळी तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा, सकाळी कोरडा पराग मिळतो. काम झालं की मादी फुलावर पानाचा द्रोण उलटा करून दिवसभर ठेवा.

अंगठ्याएवढ्या काकडीचं दोन प्रकारे होतं. टोकाकडून सुकत, पिवळी पडत गेली तर पराग पोचलेला नाही. सालीवर टाचणीएवढं छिद्र आणि तिथे डिंकासारखा थेंब असेल तर फळमाशी. कापून पाहा, आत पांढऱ्या अळ्या दिसतील. फळमाशीला रक्षक सापळा लावा, मात्र त्यात क्यू-ल्यूरची (वासाने नर माशीला ओढणारी) वडी हवी. दुकानदार आंब्यासाठीची मिथाईल युजेनॉलची वडी देतो, तिला वेलभाज्यांवरची माशी येत नाही आणि मग लोक सापळ्यालाच नावं ठेवतात. फुलं दिसायला लागली की मांडवाच्या उंचीवर टांगा, दोन गुंठ्यांना दोन पुरे. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे कीडकी फळं रोज गोळा करणं सुटत नाही. ती खतात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस तशीच ठेवा, मग दोन फूट खोल पुरा. वर्तमानपत्राची पिशवी फळाला बांधायचा सल्ला सगळीकडे मिळतो, आपल्या पावसात ती दुसऱ्या दिवशी लगदा होते. जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवा.

तांबडीमाती

वांग्याबद्दल कुणी बोललं नाही. हिरवं झाड, पानं पिवळी न पडता एकाएकी मरगळलं, तर बहुतेक जिवाणूजन्य मर. खात्री करायला बुंध्याचा दोन इंच तुकडा तिरका कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधाळ धागे उतरले तर मरच. आता फवारणी करून पैसे घालवू नका, कुठलंही औषध त्या झाडाला वाचवत नाही. मुळासकट मातीचा गोळा उपटून जाळा. खतात टाकायचं नाही, आणि उपटलेलं झाड शेजारच्या वाफ्यावरून ओढत नेऊ नका. तीच विळी-कुदळ न धुता दुसरीकडे वापरू नका.

त्या वाफ्यात तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो यांपैकी काही नको. भेंडी, चवळी किंवा वेल चालतील. हा जिवाणू पाण्याबरोबर वाहतो, म्हणून वांगी नेहमी उताराच्या वरच्या बाजूला. खाली लावली तर सगळ्या परसातलं पाणी त्यांच्या मुळांतून जातं. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळाली तर घ्या, महाग असली तरी या रोगाला तीच टिकतात. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

आणि चुना. आपली जांभ्याची माती आम्ल असते, पाऊस चुना-मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. सामू (pH) साडेपाचच्या खाली असेल तर एक चौरस मीटरला 150 ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, मेच्या सुरुवातीला, मातीत मिसळून. कळीचा विरवलेला चुना वापरलात तर पाऊणपट पुरे. चुना आणि शेणखत एकत्र घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. स्फुरदासाठी अशा मातीत रॉक फॉस्फेट चालतं, ढिगाला एक मूठ.

गडग्याआड

यंदाचा जुलै तर आलाच आहे. वेल मांडवावर आहेत, आता ढीग कसे करणार? आणि उत्तरेकडचा तिसरा हिस्सा आंब्याच्या सावलीत आहे, तिथे भेंडी नुसतीच लांबते.

आगरवाला

आळं फोडा. उताराच्या बाजूने कुदळीने तोंड पाडा आणि पाणी चरात सोडा. मग बाहेरची कोरडी-भुसभुशीत माती बुंध्याभोवती चार-पाच बोटं चढवा, बुंधा थोडा गाडला गेला तरी वेल त्या भागातून नवी मुळं काढतो. मुळं सावरेपर्यंत खत पानातूनच द्यायचं: 19:19:19 हे विद्राव्य खत 10 लिटरला 50 ग्रॅम, पाऊस दोन-तीन तास उघडेल तेव्हा, आठवड्याच्या अंतराने दोनदा. जमिनीतून युरिया एकदम दिलात तर पुढच्या सरीबरोबर ओढ्याला जातो. द्यायचाच तर वेलाला 10 ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, पातेरा बाजूला करून. शेणखतही एकदम घमेलंभर न देता तीन हप्त्यांत द्या, आणि ते कुजलेलं हवं. ताजं शेण चिखलात आणखी हवा खातं.

पानांच्या वर शिरांमध्ये पिवळे चौकोनी डाग आणि खाली करडी बुरशी दिसत असेल तर तो केवडा. (भेंडीचा केवडा वेगळा, तो विषाणूचा, नाव एकच असल्याने घोटाळा होतो.) त्यासाठी बोर्डो मिश्रण, पण वेलांच्या कोवळ्या पानांना 1 टक्का कडक पडतं, अर्धा टक्का करा. 50 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) 5 लिटर पाण्यात, 50 ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस झाली तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते निकामी.

कणगर

सावलीत भेंडीचा हट्ट सोडा. तिथे अळू, हळद आणि सुरण. अळू न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, ते एकच पीक पाय बुडवून खुशीत उभं राहतं. सुरण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावायचा, त्यामुळे यंदा उशीर झाला. पुढच्या वर्षी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात कुजलेलं खत आणि माती निम्मी निम्मी, अर्ध्या किलोचा तुकडा, प्रत्येक तुकड्यावर मधल्या डोळ्याचा भाग आलाच पाहिजे. कापलेली बाजू शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. गजेंद्र जात कमी खाजते. पानं पिवळी पडून आडवी झाली की काढा, नोव्हेंबरच्या सुमारास. कणगर आणि करांदे हे कंदांचे वेल गडग्यावर चढवा, त्यांना मांडव लागत नाही. कंदांना माकडं शिवत नाहीत, साळिंदर मात्र उकरतं, म्हणून खड्ड्यावर काटेरी फांद्या.

यंदा आत्ता लावण्यासारखं म्हणजे तोंडली. पेन्सिलीएवढ्या जाडीचं, चार डोळ्यांचं छाट, दोन डोळे मातीत. छाट फळं लागणाऱ्या वेलाचंच घ्या. बियांपासून केलेला वेल नर निघू शकतो, मग तो नुसता पसरतो. चांगल्या तोंडलीला परागीभवनही लागत नाही, म्हणजे पागोळींचा पेल्याचा उपद्व्याप वाचला.

गोगलगायींसाठी वाफ्याभोवती चुन्याची रेघ मारू नका, पहिल्या सरीत जाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी चरात पसरा, पहाटे उलटून खालच्या वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. दुकानातल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्रा-मांजर असलेल्या घरात नकोच. त्यांना ती चव आवडते.