'इनिशिएटिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

विसाचा_फासा:
डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे लढाईचे नियम नव्या खेळाडूंसाठी एका पानात मराठीत बसवायचे आहेत. राउंडला फेरी, टर्नला पाळी, इथवर जमलं. लढाईत कुणाची पाळी आधी हे फासा टाकून ठरवतात त्या 'इनिशिएटिव्ह'ला कोशातला 'पुढाकार' लावला आणि टेबलावर लगेच वाद. खेळाडू म्हणतो, "मी सरदारावर बाण सोडतो." डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, "पुढाकार टाका." येतात ४, पाळी लागते शेवटी. मग खेळाडू विचारतो, "अहो, पुढाकार मीच घेतला ना? मग मी शेवटी कसा?" मराठीच्या हिशेबाने तो चुकत नाही. दुसरा शब्द सुचवा. पानावरची चौकट लहान आहे, एकच शब्द मावेल.

निवृत्त_ठग:
यात शब्दाचा दोष अर्धाच. "सोडतो" म्हटल्याने बाण सुटत नाही. लढायचा इरादा कळला की डीएमने तिथेच थांबवायचं. सगळे वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात डेक्स्टेरिटीचा, म्हणजे पात्राच्या चपळपणाचा, मॉडिफायर (अधिक-उणे आकडा) मिळवतात, मोठ्या आकड्यापासून खाली यादी लागते आणि फेरी बदलली तरी यादी तीच राहते. शत्रू गाफील असेल तर फायदा वेगळ्या नियमाने मिळतो. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात गाफील असलेल्याला पहिल्या पाळीत हलता येत नाही, कृती करता येत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत दुसऱ्याच्या कृतीला झटपट उत्तर म्हणजे रिअ‍ॅक्शनही नाही. २०२४च्या सुधारित पुस्तकात फक्त एवढंच की त्याने फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं असली की भांडण ठरलेलं.
शब्द म्हणाल तर 'चपळाई'.

कोशकिडा:
चपळाई डेक्स्टेरिटीलाच लागेल, दोनदा कशी वापरणार? शिवाय पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत बहुतेक वेळा परसेप्शन (सावधपणा) टाकतात, लपतछपत येणारा स्टेल्थ (लपायचं कौशल्य) टाकतो. परसेप्शनशी चपळाईचा संबंध नाही.
मुळात हा शब्द युद्धखेळांतला. १९७१च्या 'चेनमेल'मध्ये दोन्ही बाजू फासा टाकत, आणि मोठा आकडा आलेला ठरवत असे की आपण आधी हलायचं की नंतर. म्हणजे आपली नाणेफेकच, जिंकून क्षेत्ररक्षणही घेता येतं. 'आधी जाणं' हा अर्थ तिथे नव्हताच, निवडायचा हक्क होता. म्हणून 'अग्रहक्क'.

उगाच_काहीतरी:
अग्रहक्काची सातबाऱ्यावर नोंद करायची का? सरळ 'नंबर' म्हणा. "तुझा नंबर कितवा?" सगळ्यांना कळतं.

कोशकिडा:
'नंबर' मराठी नाही. 'क्रमांक' आहे.

उगाच_काहीतरी:
रेशनच्या रांगेत क्रमांक लावणारा माणूस दाखवा, मी नाव बदलतो.

सोंगटीवाली:
सारीपाटाचं 'दान' कसं विसरलात? दान टाका, दान पडलं, मोठं दान, हलकं दान. सगळं तयार आहे.

निवृत्त_ठग:
शब्द गोड आहे, पण लढाईत दर हल्ल्याला दान पडतं, मग हे कुठलं? आणि सगळीकडे फासा नसतो. सॅव्हेज वर्ल्ड्स नावाच्या खेळात दर फेरीला पत्ते वाटतात. एक्का सगळ्यात आधी, दुर्री शेवटी. बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा मान. जोकर आला तर हवं तेव्हा खेळा, वर टाकण्यांना +२. कॉल ऑफ कथुलू या खेळात तर काहीच टाकत नाहीत, डेक्सच्या (डेक्स्टेरिटीच्या) उतरत्या क्रमाने जायचं. सातव्या आवृत्तीत बंदूक आधीच रोखलेली असेल तर क्रमापुरते ५० वाढवायचे.
खरी अडचण अशी की इंग्रजीत तीन गोष्टींना एकच शब्द आहे: टाकणं, आलेला आकडा आणि लागलेली यादी. तुम्ही फोडून लिहा. 'क्रमासाठी फासा', 'क्रमाचा आकडा', 'क्रम'. बाण सोडणाऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

चकवा:
'चकणे' चालेल का? मुलं चकूनच ठरवतात.

सोंगटीवाली:
नाही हो. चकताना जो तो सुटायला बघतो, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. इथे आधी यायची धडपड असते.

चकवा:
मान्य. पण मला 'पाळी'च खटकते. "माझी पाळी आली" म्हटलं की टेबलावर खुसखुस. 'खेळी' करा.

कोशकिडा:
लाजेखातर चांगला शब्द टाकायचा? आळीपाळीतले दोन्ही शब्द रांगेचे आहेत, संस्कृत आलि आणि पालि. शिंपी आळीतली आळी तीच. कारखान्यात दुसरी पाळी असते, तिथे कोण हसतं?

चकवा:
मूळ रांगेत असेल, ऐकणाऱ्याला कोश ऐकू येत नाही.

उगाच_काहीतरी:
आणि 'खेळी' म्हणजे ८० धावांची. 'चाल' म्हणावं तर ती ३० फूट सरकण्याला लागते. पाळीच राहू द्या.

निवृत्त_ठग:
पाळी म्हणा, खेळी म्हणा, पण फेरीत मिसळू नका, खरं नुकसान तिथे होतं. फेरी सहा सेकंदांची, सगळ्यांच्या पाळ्या मिळून. २०१४च्या नियमात मंकने (हातघाईने लढणाऱ्या पात्राने) शत्रूला सुन्न केलं तर ते त्या मंकच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत टिकतं. मराठीत कुणी 'फेरी संपेपर्यंत' लिहिलं आणि मंक यादीत शेवटचा असला, तर सुन्न झालेला ओगर (राक्षस) लगेच शुद्धीवर. त्यासाठी खर्चलेला 'की' पॉइंट (मंकची मोजकी शक्ती) फुकट.
तसंच सहा गॉब्लिनना (छोट्या राक्षसांना) नियमाप्रमाणे एकच दान टाकलं तर सहाही एका दमात खेळतात. एक वार लागला की सरासरी साडेपाच हिट पॉइंट (जीव) जातात. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे आठ असतात, दोन वारांत तो आडवा, पाळी यायच्या आधीच. तीन-तीनचे दोन गट करा.

कोशकिडा:
"एकच दान टाकलं" असं आता तुम्हीच लिहिलंत.

निवृत्त_ठग:
हात घसरला.

सोंगटीवाली:
घसरला नाही, बरोबर पडला.

विसाचा_फासा:
सगळं वाचलं. चौकटीत काय लिहू? 'क्रमाचा आकडा' मावत नाही.

उगाच_काहीतरी:
चौकटच काढा. कपड्यांच्या चिमट्यांवर नावं लिहून डीएमच्या पडद्याच्या कडेला क्रमाने लावा. कुणी मेलं की चिमटा काढायचा. शब्द लागतच नाही.

कोशकिडा:
अवांतर: शिंपी आळीतली 'आळी' की 'अळी'? फलकावर दोन्ही दिसतात.

चकवा:
अळी भाजीत असते.

सोंगटीवाली:
आणि आळं झाडाभोवती. तेही रांगेतूनच आलं का?