वहीतले सिन्नरकर आणि फेरफारातले कुलकर्णी एकच का?

गोदाकाठ : आमचं गाव निफाड तालुक्यात. १९२१च्या वाटणीच्या फेरफारात, म्हणजे जमीन कुणाच्या नावे झाली त्या सरकारी नोंदीत, पणजोबांचं आडनाव कुलकर्णी आहे. मागच्या महिन्यात नाशिकला रामकुंडावर आमच्या उपाध्यायांकडे गेलो. गुरुजींनी आधी गाव विचारलं, आडनाव नंतर. लाल बासन सोडून लांबट वही काढली, तीर्थाला आलेल्या यजमानांच्या नावांची. शके १८१२, म्हणजे इ.स. १८९०. मोडीत पणजोबांची सही, खाली वडील, आजोबा आणि दोन धाकटे भाऊ. आडनाव मात्र सिन्नरकर! भाऊबंद म्हणतात, ते घराणंच वेगळं. मला पटत नाही. सिन्नरात राहणाऱ्याला कुणी सिन्नरकर म्हणत नाही, गाव सोडलं की ते नाव चिकटतं. पुढे गावचं कुलकर्ण, म्हणजे हिशेब-दप्तराचं काम, आलं आणि हुद्दाच आडनाव झाला. आडनाव बाजूला ठेवा, गाव आणि बाप धरा.

मोडीवाचक : घाई होतेय. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. गोविंद रामचंद्र, त्याचा रामचंद्र गोविंद, त्याचा पुन्हा गोविंद रामचंद्र. बाप जुळला म्हणून माणूस जुळत नाही. तुमच्या दोन नोंदींत एकतीस वर्षं आहेत. वहीतला आजा आणि फेरफारातला नातू असं सहज होऊ शकतं. शिवाय वहीत यजमान सांगेल ते उतरतं, पडताळणी कोण करतो? मी सरकारी कागदच धरीन.

गोदाकाठ : सरकारी कागदातही लोक हाक मारत तेच नाव चढायचं. आणि माझा आधार एका नावाचा नाही. वहीत जे तीन भाऊ, तेच तिघे फेरफारात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत त्याच क्रमाने. तिघांचीही नावं आजोबांवरून कशी येतील?

माहेरवाशीण : मी गोदाकाठ यांच्या बाजूने. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. कटगुणात कुणी फुले हुडकत बसलं तर काय सापडणार? पेशव्यांचं मूळ आडनावही भटच. बायकांचं तर याहून कठीण. माझ्या आजीचं लग्नात पहिलं नावही बदललं. ती सापडली ती तिच्या भावाच्या नोंदीवरून. भावंडांची साखळी हाच खरा पुरावा.

मोडीवाचक : भावंडांचा मुद्दा भारी आहे, माणूस तोच हे मान्य. पण कुलकर्ण घरात कसं आलं? दुसऱ्या घराण्यात कुणी दत्तक गेलं असेल तर बापाचं नावही बदलतं आणि वतनही, म्हणजे वंशपरंपरेचा हुद्दा, मिळतं. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, पण त्याआधीचे वतनाचे कागद पाहिल्याशिवाय वंशावळीत शाईने रेघ ओढू नका.

गोदाकाठ : दत्तक गेला असता तर वाटणीत सख्ख्या भावांबरोबर त्याचा हिस्सा आला नसता. पण वतनाचे कागद बघतो, हे कबूल. त्र्यंबकलाही आमच्या गावची वही आहे. सोमवारी जातोय. मोडी वाचायला सोबत याल का?

मोडीवाचक : येतो. फेरफाराची नक्कल बरोबर घ्या, भावांची नावं शेजारी ठेवून वाचू.