नाल्याचे पाणलोट आणि पाण्याची प्रत सुधारायची आहे: निधी कुठून आणि कोणत्या क्रमाने उभा करावा?

निर्गुडाकाठ (तालुका वणी, जिल्हा यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाजवळून वाहणारा नाला पुढे निर्गुडेला मिळतो आणि निर्गुडा वर्धा नदीला मिळते. नाल्याचा उगम वनखात्याच्या टेकडीवर आहे. वाटेत दोन गावे लागतात आणि तिसरे आमचे. सारे पाणलोट मिळून सुमारे 600 हेक्टर भरते. आमच्या लहानपणी होळीपर्यंत वाहणारा हा नाला आता दिवाळीनंतर महिन्याभरात आटतो. गावची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते आणि मग बोअरचे पाणी प्यावे लागते. त्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा अहवाल आहे. गावाचे सांडपाणी नाल्यातच सुटते, कपाशीवर फवारणी झाल्यावर पंपही तिथेच धुतले जातात आणि खाली जनावरे तेच पाणी पितात. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात माणसे दगावली, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

चार वर्षांपूर्वी यंत्र लावून नाल्याचे खोलीकरण झाले. निघालेला मुरूम काठावरच टाकला गेला. दुसऱ्या पावसाळ्यात तो पुन्हा पात्रात आला आणि एका शेतकऱ्याचा धुरा (शेताचा बांध) तीन हात खचला. आता तीन सिमेंट बंधाऱ्यांचे अंदाजपत्रक आमच्या हातात आहे, पण ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून त्यातील एकही होणार नाही. हा पैसा कोणत्या योजनांतून मिळू शकेल आणि आधी कोणते काम हाती घ्यावे, याचे मार्गदर्शन अनुभवी मंडळींनी करावे ही विनंती.

माथा ते पायथा (वाशीम)

दादा, मी कृषी विभागातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो असून पाणलोटाच्या कामांवर बरीच वर्षे घालवली आहेत. तुमच्या अंदाजपत्रकात मला पहिली अडचण दिसते ती अशी की, ते पायथ्यापासून सुरू होते. टेकडीवरून माती वाहून येत राहिली, तर खालचे तिन्ही बंधारे काही वर्षांत गाळाने भरतील आणि तुम्ही पुन्हा गाळ काढण्यासाठी पैसे शोधत बसाल. म्हणून आधी माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खोदलेले) आणि ओघळींवर अनघड दगडी बांध (न घडवलेल्या दगडांचे), मधल्या वावरांत ढाळीचे बांध (किंचित उतार दिलेले मातीचे), आणि सर्वांत शेवटी नाल्यातील बंधारे, हाच क्रम ठेवा.

निधीच्या दृष्टीनेही हा क्रम फायद्याचा आहे आणि ही गोष्ट फार कमी ग्रामपंचायती लक्षात घेतात. 2005 च्या कायद्याने रोजगार हमीच्या कामांत मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण 60:40 ठेवले. एकटा सिमेंट बंधारा या प्रमाणात कधीच बसत नाही, कारण त्यात सिमेंट, गिट्टी आणि लोखंड यांचाच खर्च मोठा असतो. चरांचे आणि मातीच्या बांधांचे काम मात्र जवळजवळ पूर्णपणे मजुरीचे असते. ती कामे त्याच वर्षाच्या आराखड्यात घेतली, तर त्यांच्या मजुरीमुळे बंधाऱ्याच्या साहित्याला जागा होते. माथ्यावर खोदलेला प्रत्येक चर तुमच्या बंधाऱ्याच्या सिमेंटची सोय करत असतो, असे मी गावकऱ्यांना सांगत असे.

एकूण रक्कम किती लागेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर केंद्राच्या पाणलोट विकास योजनेच्या 2021 नंतरच्या टप्प्यातील मापदंड वापरा. तो सपाट भागासाठी हेक्टरी 22,000 रुपये आणि दुर्गम भागासाठी 28,000 रुपये आहे. तुमच्या 600 हेक्टरांना पहिल्या दराने 1 कोटी 32 लाख रुपये होतात. त्या योजनेचे प्रकल्प अनेक गावे मिळून मोठ्या क्षेत्रावर घेतले जातात, त्यामुळे एकट्या गावाच्या अर्जाने ते मिळत नाहीत. परंतु तुमचा आराखडा अवाजवी नाही हे अधिकाऱ्यांसमोर दाखवण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो. तुमच्या जिल्ह्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पही आहे. तुमच्या किंवा वरच्या दोन गावांपैकी एखाद्याचे नाव त्याच्या यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन पाहा. वरच्या गावांना सोबत घेतल्याशिवाय अर्ज करू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

कोळसापट्टा (भद्रावती, जिल्हा चंद्रपूर)

वरील काकांनी पाणी अडवण्याबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी पाण्याच्या प्रतीबद्दल लिहितो. आपण वणीकडचे आहात, म्हणजे जवळपास कोळशाची खाण असण्याची शक्यता मोठी आहे. 2015 च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणपट्टाधारकाला स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात रक्कम खाणबाधित गावांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण 30 टक्के आहे. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतील गावे प्रत्यक्ष बाधित मानली जातात आणि किमान 70 टक्के निधी अग्रक्रमाच्या बाबींवर खर्च व्हावा लागतो. पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण या अग्रक्रमाच्या बाबी आहेत. पाणलोट विकास मात्र उरलेल्या हिश्शात येतो. त्यामुळे एकच जाडजूड प्रस्ताव पाठवू नका. विहिरीचे पुनर्भरण, फ्लोराइडमुक्त पाणी आणि नाल्यात जाणारे सांडपाणी यांचा वेगळा प्रस्ताव करा आणि त्याला पाण्याच्या तपासणीचे अहवाल जोडा.

तपासणी एकदा करून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, त्याच विहिरीचे आणि त्याच बोअरचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, ही गोष्ट गावात घरोघरी सांगावी लागते. आमच्याकडे अनेक आयांना ती ठाऊकच नव्हती.

सांडपाण्यासाठी खाणीच्या पैशाची वाट पाहू नका. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, ठेवला. त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. शोषखड्डे आणि नालीच्या तोंडाशी स्थिरीकरण तळे (सांडपाणी निवळण्यासाठीचे) त्यात बसत असे. पंप धुण्याला तर निधीही फारसा लागत नाही. औषधाचा डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावे आणि पंप धुतलेले पाणी त्याच वावरात फवारून टाकावे.

तलावकाठ (तालुका साकोली, जिल्हा भंडारा)

मी गावच्या बचत गटाची सदस्य आहे. आमच्याकडे नाल्यांपेक्षा माजी मालगुजारी तलावांचा (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातील तलावांचा) प्रश्न मोठा आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. आमच्या तलावातील बेशरमाची झुडपे आम्ही बायांनी कुदळीने मुळासकट काढली आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून गाळ निघाला. 2023 च्या निर्णयाप्रमाणे अल्प आणि अत्यल्प भूधारकांना गाळ नेण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे मिळतात, एकरी 15,000 रुपयांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. दादांच्या भागात जुना पाझर तलाव असेल तर या योजनेचा विचार जरूर करावा. फक्त काळा गाळ संपून मुरूम लागला की खोदणे थांबवा, नाहीतर तळ फुटून पाणी टिकत नाही.

मला खरे सांगायचे आहे ते देखभालीबद्दल. काम पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी आमच्या सांडव्याचे (तलावातील जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या भिंतीचे) चार दगड सुटले. चार पोती सिमेंट आणि गवंड्याची दोन दिवसांची मजुरी, एवढाच खर्च होता. आम्ही तीन कार्यालयांत गेलो. नव्या कामाला निधी आहे, दुरुस्तीला नाही, असे सगळीकडे ऐकले. पुढच्या पावसात सांडव्याची अख्खी भिंत वाहून गेली आणि आमच्या खालच्या धानाच्या बांध्यांत रेती पसरली. ती रेती आम्ही घमेल्यांनी उचलली.

नाबार्डच्या पाणलोट कार्यक्रमात गावाने अकुशल मजुरीच्या 16 टक्के इतके श्रमदान करावे असा नियम होता आणि देखभालीसाठी गावाचा स्वतंत्र निधी उभा केला जात असे. योजना कोणतीही असो, तुम्ही ही पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवा. ज्यांच्या विहिरींना पाणी वाढेल त्यांनी हंगामाला ठरावीक रक्कम ग्रामसभेच्या खात्यात भरावी, असा ठराव काम सुरू होण्याआधीच करून घ्या. नंतर कोणी करत नाही.

निर्गुडाकाठ

काका, दादा आणि ताई, आपले मनापासून आभार. काल वरच्या दोन्ही गावांच्या सरपंचांना भेटलो. पुढच्या आठवड्यात तिन्ही गावांची मिळून शिवारफेरी ठरली आहे. बंधाऱ्यांचे अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. टेकडी वनखात्याची असल्याने तिथे चर खोदता येतील का? आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीसाठी ग्रामपंचायतीने सरळ पत्र द्यावे का?

माथा ते पायथा

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि माती व पाण्याची प्रत राखणे हे त्या यादीत आहे. परंतु कंपनी स्वतः काम करत नसेल, तर ती बहुधा आयकर खात्याची 12-ए व 80-जी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच करते. पत्रे पाठवण्यात आमच्याकडील एका गावाचे वर्ष वाया गेले. आधी जिल्ह्यात काम करणारी अशी संस्था गाठा आणि इतर कोणत्याही योजनेत न बसणारा खर्च, म्हणजे तपासणी, मोजमाप आणि देखभालीचे पहिले भांडवल, एवढाच तिच्याकडे मागा.

टेकडीवरची कामे वनखात्यामार्फतच होतील, त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना शिवारफेरीलाच बोलवा. वरच्या गावाचा त्या जंगलावर सामूहिक वनहक्क मान्य झालेला असेल तर काम पुष्कळ सोपे होते, कारण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने पाणलोट क्षेत्रे आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो दावा दाखल झाला आहे का, एवढे फेरीच्या दिवशी त्या सरपंचांना विचारून इथे कळवा.